शेजारी गोठा आहे: नागपूरच्या नव्या वस्तीत राहायला येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा, वाठोडा किंवा कळमन्याच्या बाजूला घर घेणारा माणूस बहुधा उन्हाळ्यात प्लॉट पाहायला जातो. तेव्हा शेण वाळलेले असते, नाली कोरडी असते आणि शेजारच्या टिनाच्या शेडखाली बांधलेल्या चार म्हशी पाहून घरातली लहान मुले खूश होतात. पावसाळा सुरू झाला की तीच शेड दिवसरात्र जाणवू लागते. नालीतून शेणपाणी वाहते, माश्या जेवणाच्या ताटापर्यंत येतात आणि एखाद्या सकाळी कुंपणाची फाटकी जाळी ओलांडून वासरू थेट बागेत शिरते. यातून सुरू होणारी भांडणे वर्षानुवर्षे चालतात आणि त्यांत दोन्ही घरांची माणसे होरपळतात. तक्रार चुकीच्या कार्यालयात, चुकीच्या कारणासाठी आणि रागाच्या भरात केली जाते, हे या लांबणीमागचे मोठे कारण आहे, असे माझे मत आहे. म्हणून नव्याने राहायला आलेल्या माणसाने कोणती पायरी कोणत्या क्रमाने चढावी, ते येथे सविस्तर सांगत आहे.

हद्द कोणाची, हे आधी ठरवा

नागपुरात हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. शहरात नागपूर महानगरपालिका आहे, १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेला नागपूर सुधार प्रन्यास आहे आणि शहराबाहेरच्या गावांसाठी नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एनएमआरडीए आहे. त्यातच अनेक ले-आउट कागदोपत्री अजून ग्रामपंचायतीच्या हद्दीत असतात. एकाच रस्त्याची डावी बाजू महापालिकेत आणि उजवी बाजू ग्रामपंचायतीत, असे प्रकार शहराच्या कडेला सर्रास आढळतात. त्यामुळे आपला आणि शेजाऱ्याचा असे दोन्ही भूखंड कोणाच्या हद्दीत येतात, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

यासाठी आपल्या हातातली कागदपत्रे पुरेशी असतात. घरटॅक्सची पावती कोणाची आहे, ते पाहा. जुन्या वस्तीत आखीव पत्रिका (म्हणजे मालमत्ता पत्रक) आणि नव्या भागात सातबारा काढा. ले-आउट गुंठेवारीतून नियमित झालेला असेल, तर सुधार प्रन्यासाचे आर.एल., म्हणजे भूखंड नियमित केल्याचे पत्र, झाले आहे की नाही, ते विचारा. नियमित करण्यासाठी घेतलेल्या ज्या अनधिकृत ले-आउटना नागपुरात ५७२ किंवा १९०० ले-आउट म्हणून ओळखले जाते, त्यांपैकी एखाद्यात तुमचे घर असेल, तर हा कागद फार महत्त्वाचा आहे, कारण बांधकामाचा आणि वापराचा प्रश्न कोणाकडे न्यायचा, हे त्यावरूनच कळते. स्वच्छता, नाली, मोकाट जनावरे आणि आरोग्य हे विषय मात्र महापालिकेच्या हद्दीत महापालिकेकडेच राहतात, मग बांधकामाची परवानगी कोणीही दिलेली असो. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे कित्येक अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतात.

झोन पाहा, अंदाजाने बोलू नका

हद्द कळल्यावर झोन पाहायचा. शहराची विकास योजना नकाशाच्या स्वरूपात असते आणि तिच्यात प्रत्येक जमिनीचा वापर ठरवून दिलेला असतो. बोलीभाषेत आपण ज्याला यलो झोन म्हणतो तो रहिवासी पट्टा आणि ग्रीन झोन म्हणतो तो शेतीचा पट्टा. नगररचना विभागाकडे सर्व्हे किंवा खसरा क्रमांक देऊन झोन दाखला मागता येतो आणि त्यासोबत भाग नकाशाही घेता येतो. हे दोन कागद घेतल्याशिवाय ‘इथे गोठा चालतच नाही’ असे कोणालाही सांगू नये.

असे म्हणण्याचे कारण आहे. मुंबई आणि काही मोजके प्रदेश वगळता साऱ्या राज्याला डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, आणि तिच्यात शेती झोनमध्ये जनावरांचे गोठे आणि कुक्कुटपालनाच्या शेडना जागा दिलेली आहे. त्यामुळे तुमचे घर यलो झोनच्या शेवटच्या ओळीत असेल आणि कुंपणापलीकडची जमीन शेती झोनमध्ये असेल, तर शेजाऱ्याचा गोठा जमिनीच्या वापराच्या दृष्टीने योग्य जागी असू शकतो. अशा वेळी झोनच्या नावाने केलेली तक्रार पहिल्याच दिवशी फेटाळली जाते. मात्र त्याने नालीत सोडलेले शेणपाणी तरीही बेकायदेशीरच राहते आणि तुमची तक्रार त्या मुद्द्यावर टिकते.

याउलट रहिवासी झोनमधल्या भूखंडावर परवानगीशिवाय शेड उभारून दुधाचा धंदा सुरू केला असेल, तर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ आणि ५३ खाली नियोजन प्राधिकरणाला कारवाई करता येते. या कायद्यात विकास म्हणजे केवळ बांधकाम नव्हे, जमिनीच्या वापरातला बदलही त्यात येतो. हा मुद्दा तक्रारीत स्पष्ट लिहावा.

तिसरी शक्यता गावठाणाची. शहर वाढत गेले तशी जुनी गावे त्याच्या पोटात आली आणि तिथल्या गवळ्यांचे गोठे पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी आहेत. अशा घरातली वडीलधारी माणसे तुम्हाला शांतपणे सांगतील, ‘आमी तं ले-आउट पडाच्या पयलेपासून इथंच हावो जी.’ त्यांचे म्हणणे बहुधा खरे असते. आधीपासून असणे हा उपद्रव चालू ठेवण्याचा परवाना होत नाही, हे कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे, पण बोलणी करताना त्या आधीपणाचा मान ठेवलाच पाहिजे. आपण त्यांच्या परिसरात नंतर आलो आहोत, ही जाणीव ज्याच्या बोलण्यात असते, त्याचे काम लवकर होते.

परवान्याचा प्रश्न वेगळा आहे

झोन योग्य असला तरी नागरी क्षेत्रात गाई-म्हशी पाळण्यासाठी परवाना लागतो. नागरी क्षेत्रात गुरे पाळणे आणि त्यांची ने-आण यांवर नियंत्रण ठेवणारा महाराष्ट्राचा १९७६ चा कायदा त्यासाठी आहे आणि नागपुरात मोकाट व विनापरवाना जनावरांवर होणाऱ्या कारवाईत त्याचा आधार घेतला जातो. शेजाऱ्याकडे परवाना आहे का आणि असल्यास किती जनावरांचा आहे, हे विचारणे तुमचा हक्क आहे. समोरासमोर विचारण्यात संकोच वाटत असेल, तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांचे शुल्क भरून अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणे जन माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि ते न मिळाल्यास पहिले अपील करता येते. अर्जात तीनच गोष्टी मागा: त्या पत्त्यावर दिलेल्या परवान्याची प्रत, त्या भूखंडाच्या मंजूर वापराची नोंद आणि आजवर दिलेल्या नोटिसांच्या प्रती. लांबलचक प्रश्नांना मोघम उत्तरे मिळतात.

त्रास नेमका कोणता, ते लिहून काढा

ही पायरी लोक गाळतात आणि पुढे पस्तावतात. ‘गोठ्याचा त्रास होतो’ या वाक्यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. त्रास वास, माश्या, सांडपाणी, उकिरडा, आवाज, भिंतीला येणारी ओल किंवा सुटी जनावरे यांपैकी कशाचा आहे, हे वेगळे काढले की उपायही वेगळा दिसू लागतो.

त्यासाठी गोठ्याचे रोजचे गणित समजून घेतले पाहिजे. एक मोठे जनावर दिवसाला साधारण १५ ते २० किलो शेण आणि जवळजवळ तितकेच लिटर मूत्र टाकते. पाच म्हशी असतील, तर रोज ७५ ते १०० किलो शेण उचलावे लागते आणि ते भूखंडाच्या कोपऱ्यात साठत गेले, तर महिन्याभरात अडीच-तीन टनांचा ढीग होतो. घरमाशीची अंड्यापासून पंख फुटेपर्यंतची वाढ उष्ण हवेत आठवड्या-दीड आठवड्यात पूर्ण होते. म्हणून शेण आठवड्यातून किमान दोनदा तिथून हलले, तर माश्यांचे चक्र तुटते, आणि पंधरा दिवसांनी एकदा हलले, तर कितीही फवारणी केली तरी माश्या हटत नाहीत. शेजाऱ्याशी बोलताना ‘स्वच्छता ठेवा’ असे म्हणण्यापेक्षा ‘सोमवारी आणि गुरुवारी शेण उचलले जावे’ असे म्हणणे कितीतरी उपयोगाचे आहे.

सांडपाण्याचेही तसेच. धार काढण्याआधी पहाटे गोठा धुतला जातो. ज्या ले-आउटमध्ये गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची बंद वाहिनी नाही, तिथे ते पाणी रस्त्याकडेच्या उघड्या नालीत जाते. पाण्यासोबत कुटाराच्या काड्या आणि ढेपेचा चोथा वाहत येतो, तो नालीवरच्या फरशीखाली अडकतो, त्यावर शेणाचा थर बसतो आणि जुलैतल्या पहिल्या जोरदार पावसात तुंबलेले पाणी उतारावरच्या घराच्या अंगणात शिरते. तुमच्या घरापुढची नाली कुठे तुंबते, ती फरशी उचलून एकदा स्वतः पाहा आणि तिचा तारखेसह फोटो घ्या. अडथळा गोठ्यापासून दूर, दुसऱ्याच कोणाच्या बांधकामाच्या रेतीने झालेला असू शकतो, आणि तसे असेल, तर गवळ्यावर आळ घेण्याआधीच ते कळलेले बरे.

किमान तीन-चार आठवडे एका वहीत नोंद ठेवा. तारीख, वेळ, काय घडले, कोणी पाहिले, फोटो काढला का, एवढे पुरे. सुट्या जनावरांच्या बाबतीत कानातला पिवळा बिल्ला पाहावा. त्यावर १२ अंकी क्रमांक असतो आणि त्यावरून पशुसंवर्धन विभागाला जनावराचा मालक शोधता येतो. क्रमांक दिसेल असा फोटो असला की ‘ती म्हैस आमची नव्हेच’ हा वाद उरत नाही.

बोलणी: वेळ, माणूस आणि मागणी

गोठ्यावर जाण्याची वेळ नीट निवडा. पहाटे आणि संध्याकाळी धारा काढायच्या असतात, दूध घालायला जायचे असते, त्या वेळी कोणालाही तुमचे ऐकायला सवड नसते. दुपारी, जनावरे रवंथ करत बसलेली असताना जा. पहिल्या भेटीत वही दाखवू नका, कायद्याचे नाव काढू नका. ओळख करून घ्या, काका किंवा भाऊ म्हणून हाक मारा, शक्य असेल, तर दूध त्यांच्याकडूनच लावा. हा शेवटचा सल्ला मी मनापासून देत आहे, कारण रोज सकाळी दुधाच्या निमित्ताने दोन शब्द बोलले जातात आणि बरेचसे प्रश्न त्या दोन शब्दांतच सुटतात.

दुसऱ्या भेटीत मागणी करा आणि ती पार पाडता येईल एवढीच असू द्या. शेण उचलण्याचे दिवस ठरवणे, धुण्याचे पाणी शोषखड्ड्यात सोडणे, पावसाळ्यापूर्वी उकिरडा तुमच्या भिंतीपासून दूर सरकवणे, गोठ्याच्या जमिनीला उतार देऊन फरशी करणे, तुटलेले कुंपण दुरुस्त करणे, या मागण्या मान्य होण्याजोग्या आहेत. ‘जनावरे हटवा’ ही मागणी पहिल्याच दिवशी केली की पुढचे सगळे दरवाजे बंद होतात, कारण त्या माणसाचे पोट त्यावर चालते. शोषखड्ड्याबाबत एक खबरदारी घ्यावी: तो कोणाच्याही विहिरीच्या किंवा बोअरवेलच्या जवळ नसावा, नाहीतर आज नालीत दिसणारी घाण उद्या पिण्याच्या पाण्यात उतरेल.

शेणाची विल्हेवाट लावण्यात तुम्ही मदत करू शकलात, तर फार चांगले. काटोल आणि नरखेड भागातल्या संत्रा बागायतदारांना शेणखत लागते आणि ते ट्रॉलीच्या हिशेबाने विकले जाते. ले-आउटमधल्या बागांना, कुंड्यांना खत लागते. गांडूळखताचे दोन-तीन हौद घालायला नागरिक मंडळाने वर्गणीतून मदत केली, तर गवळ्याला उत्पन्न मिळते आणि वस्तीला ढिगापासून सुटका.

ठरलेली गोष्ट कागदावर उतरवा. साध्या कोऱ्या कागदावर दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, तारीख आणि काय ठरले ते मुद्देसूद. साक्षीदार म्हणून ले-आउटच्या मंडळाचा अध्यक्ष, प्रभागातला लोकप्रतिनिधी किंवा गावात पोलीस पाटील योग्य. हा कागद न्यायालयाचा हुकूम नसला, तरी पुढे तक्रार करावी लागल्यास तुम्ही आधी समजुतीचा प्रयत्न केला होता, याचा तो पुरावा ठरतो.

लेखी तक्रार

तोडगा निघाला नाही किंवा निघूनही पाळला गेला नाही, तर लेखी तक्रार करावी. महापालिका हद्दीत ती आपल्या झोन कार्यालयातल्या सहायक आयुक्तांच्या नावे लिहायची. येथे झोन म्हणजे प्रशासकीय विभाग. नागपुरात असे १० झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. रस्त्यावर किंवा नालीत घाण टाकण्याच्या प्रकारांसाठी महापालिकेचे उपद्रव शोध पथक आहे आणि दंड तेच करते. शेड बेकायदेशीर असल्याचा मुद्दा असेल, तर दुसरा स्वतंत्र अर्ज नगररचना विभागाला किंवा सुधार प्रन्यासाला द्या. दोन्ही विषय एकाच अर्जात कोंबू नयेत. ग्रामपंचायत हद्दीत अर्ज ग्रामपंचायतीला आणि प्रत गटविकास अधिकाऱ्याला द्यावी. जनावरांची संख्या मोठी असून सांडपाणी नाल्यात किंवा नदीत जात असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयालाही प्रत पाठवावी.

अर्ज एका पानाचा असावा. भूखंडाचा पत्ता व खसरा क्रमांक, त्रासाचे स्वरूप, नोंदवहीतल्या चार-पाच ठळक तारखा, जोडलेल्या फोटोंची संख्या, समजुतीचा प्रयत्न केल्याचा उल्लेख आणि शेवटी नेमकी मागणी. एकट्याच्या सहीपेक्षा पाच-सात घरांच्या सह्या असाव्यात, कारण उपद्रव सार्वजनिक आहे की दोन घरांमधला, यावर पुढची सारी वाट ठरते. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पाहणीला येणाऱ्या कर्मचाऱ्यासोबत स्वतः हजर राहा आणि पंचनामा होत असेल, तर त्यात नालीचा उल्लेख आला आहे का, ते वाचून पाहा.

त्याही पुढे जावे लागले तर

सार्वजनिक उपद्रवाबाबत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १३३ होते. १९८० साली रतलाम नगरपरिषदेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे ठरवले की पैसा नाही, या सबबीवर नगरपरिषदेला नाल्या आणि स्वच्छतेची जबाबदारी टाळता येणार नाही. महापालिका हातावर हात ठेवून बसली असेल, तेव्हा हा निकाल नागरिकाच्या फार कामाचा आहे, कारण गोठ्याचे पाणी तुंबण्यामागे अर्धा दोष गडर लाइन नसण्याचा असतो आणि तो दोष गवळ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

त्रास फक्त तुमच्याच घराला असेल, तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकमाचा दावा करावा लागतो आणि तो वेळखाऊ असतो. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज द्यावा, असा माझा आग्रह आहे. तिथे दोघांना बोलावून तडजोड घडवली जाते, आणि लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते व तिच्यावर अपील होत नाही.

काय करू नये

जनावराला मारणे, विष घालणे, दावे कापून सोडून देणे, अंगावर गरम पाणी टाकणे यांतले काहीही करू नये आणि घरातल्या कोणालाही करू देऊ नये. जनावराला ठार करणे किंवा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. जनावर अंगणात शिरले, तर त्याला हुसकून बाहेर काढावे, फोटो घ्यावा आणि वारंवार घडत असेल, तर महापालिकेच्या कोंडवाड्याच्या पथकाला कळवावे.

तितकीच गंभीर गोष्ट म्हणजे जातीवरून किंवा धंद्यावरून बोलणे. गवळी, धनगर किंवा कोंबड्या-बकऱ्या पाळणाऱ्या कुठल्याही घराला उद्देशून रागाच्या भरात निघालेला एक शब्द तुमची रास्त तक्रार कायमची बुडवतो, आणि तो बुडवतो हे योग्यच आहे. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेजाऱ्याच्या घराचे व्हिडिओ टाकून त्याची नाचक्की करणेही टाळावे.

तुम्हीच जनावर आणणार असाल तर

नव्या घरात चार कोंबड्या किंवा एखादी बकरी ठेवावी, असे अनेकांना वाटते. फ्लॅटमध्ये राहत असाल, तर अपार्टमेंटचे घोषणापत्र आणि उपविधी आधी वाचा. फ्लॅटमध्ये कुत्री-मांजरे पाळण्याची सवलत कोंबड्या-बकऱ्यांना लागू होत नाही. स्वतंत्र घर असेल, तर खुराडे शेजाऱ्याच्या शयनगृहाच्या भिंतीला लागून बांधू नका. कोंबडा न पाळता फक्त कोंबड्या पाळल्या तरी अंडी मिळतात आणि पहाटेच्या आरवण्यावरून होणारे भांडण उद्भवतच नाही.

कोंबड्यांबाबत नागपूरकरांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवली पाहिजे. २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. एखाद्या ठिकाणी पाळीव पक्ष्यांत हा रोग आढळला की तिथून १ किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या नष्ट केल्या जातात आणि १० किलोमीटरपर्यंत पाहणी चालते. म्हणजे तुमच्या खुराड्यातली एक मेलेली कोंबडी लपवली, तर नुकसान साऱ्या वस्तीचे होते. पक्षी एकाएकी मरू लागले, तर त्यांना हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. साध्या आजारांसाठी आणि सल्ल्यासाठी सेमिनरी हिल्सवरचे नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे.

खुराडे किंवा गोठा बांधण्याआधी दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या घरी जाऊन कुठे बांधणार, किती जनावरे ठेवणार आणि शेण किंवा विष्ठा कोणत्या दिवशी उचलणार, हे सांगा. कोणी हरकत घेतली, तर जागा तेव्हाच बदला, कारण चार खांब रोवून टिन ठोकल्यावर ती बदलणे दोन्ही घरांना जड जाते.